दोनशे गिगाबाइटचं जेवण

बिश्केक, ८ सप्टेंबर

आदरणीय ताशबोलोत आबा, सलाम.

१. उल्जान एजेची वेबसाइट आमच्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे. ती तुमच्या नावावर आहे. मी तिथे नोकरी करते.

२. शनिवारी गावात एजेच्या मृत्यूला वर्ष झाल्याचे जेवण होते. ज्यांना येणे शक्य नव्हते त्यांनी वेबसाइटवर तिचा आवाज ऐकावा, असे तुम्ही सगळ्या नातेवाइकांना कळवले होते. गावातल्या तंबूतही तोच आवाज वेबसाइटवरूनच लावला होता.

३. सकाळी अकराच्या सुमारास वेबसाइटचा या महिन्याचा बँडविड्थचा वाटा संपला. पान बंद झाले. त्या जागी एकच ओळ आली: "मर्यादा संपली आहे."

४. आदल्या दिवशी तुम्हाला इशाऱ्याचा ईमेल गेला होता. तो उघडलेला नाही.

५. मी तुम्हाला सात वेळा फोन केला. लागला नाही.

६. दुपारी मला कळले की तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, "माझ्या पुतणीच्या दुकानाने माझ्या मेलेल्या बहिणीच्या तोंडावर दार लावलं."

पहिले पाच मुद्दे मी स्वतः तपासले आहेत. सहावा ऐकीव आहे. तो खरा की खोटा ते तुम्ही सांगावे.

तुम्ही अजूनही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र मायरामबेकच्या टॅक्सीने पाठवत आहे. आणखी एक गोष्ट कळवणे माझे काम आहे. वेबसाइटची मुदत ३० सप्टेंबरला संपते. तुम्ही ती वाढवली नाही तर एजेची सत्तावीसच्या सत्तावीस ध्वनिमुद्रणे सर्व्हरवरून पुसली जातील. हा नियम सगळ्या ग्राहकांना सारखा आहे.

बुरमाकान आपांना सलाम.

सालकिनाय


कारूल-तोर, १३ सप्टेंबर

पोरी सालकिनाय,

पत्र पोचलं. एक, दोन, तीन करत लिहिलंयस, पोलीस पंचनामा लिहितात तसं. सहावा मुद्दा खरा आहे. मी तसं म्हणालो, आणि माझ्या जागी एजे असती तर यापेक्षा वाईट म्हणाली असती.

तुला माहीत आहे ते गाणं कसं झालं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ती मला म्हणाली, "ताशबोलोत, साठ वर्षं मी या खोऱ्यातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचा शोक गायले. आता ज्यांना शिकवलं त्या पोरी मॉस्कोत भांडी घासतायत, सोलमध्ये कारखान्यात आहेत. माझ्यावर कोण गाणार, ही तुझी बायको बुरमाकान? चल, यंत्र आण. माझा शोक मीच गाऊन ठेवते." आणि चौदा मिनिटं स्वतःची स्तुती केली. मी म्हटलं, "एजे, थोडं कमी कर, लोक हसतील." तर म्हणते, "तुमच्यावर सोडलं तर चार ओळींत उरकाल, मला माहीत आहे तुम्ही भाऊ किती कंजूस ते."

माझ्या चुलीवरून उपाशी कुणी गेला नाही,
गेला असेल, तर तो वाट चुकलेला वारा असेल.

ही ओळ आता मॉस्कोतली पोरं एकमेकांना म्हणून दाखवतात. तर हे असं गाणं.

शनिवारी चार खोऱ्यांतून माणसं आली. मी घोडा कापला होता, एजेच्या तोलाचा. प्रत्येक टोळी रीतीप्रमाणे हंबरडा फोडत तंबूपाशी यायची, आणि आत बायकांमध्ये ठेवलेल्या भोंग्यातून एजेचा आवाज पहिल्या शब्दापासून नव्याने सुरू व्हायचा. म्हाताऱ्या कासिमने घोड्यावरून उतरून टोपी काढली, तो झोपतानासुद्धा काढत नाही. आणि मग काराकोलची माणसं येत असताना, अगदी त्यांचे घोडे दिसत असताना, आवाज थांबला. नवव्या मिनिटाला. मी तारेत काही बिघडलं म्हणून धावत शाळेच्या छपरावर चढलो, तिथून लाइन येते. तासभर मी तिथे वायरी ओढत होतो आणि खाली माझ्या दारात पाहुणे मुक्या तंबूपुढे उभे होते. परत आलो तेव्हा काराकोलचा म्हातारा माझा हात धरून म्हणाला, "असा शोक आम्ही पुष्कळ वर्षांत ऐकला नाही." दया आली बिचाऱ्याला, म्हणून बोलला. मी मान वर केली नाही.

आता माझा हिशेब ऐक. तू म्हणालीस, वीस गिगाबाइट जागा. मी भरले चार. सोळा शिल्लक पाहिजेत. मग संपलं काय? सोळा कुणी खाल्ले? गावातली लाइनसुद्धा वीसची आहे, त्यांचे वीस कुठे गेले? परवा बाजारातून पेन ड्राइव्ह आणला, वर लिहिलंय चौसष्ट, संगणक म्हणतो साडेएकोणसाठ. तुमच्या धंद्यात कसाई वजन करतानाच चार किलो काढून ठेवतो वाटतं.

तेव्हा तीस तारखेला मी सगळं उतरवून घेणार. तो पेन ड्राइव्ह माझ्या पेटीत राहील. ज्याला एजेचा आवाज ऐकायचाय त्याने गावात यावं आणि माझ्या घरी जेवून ऐकावं. ज्या दारातून पाहुणा परत जातो ते दार असू नये.

बाकी गावात ठीक. बायकांचं अजून ठरत नाही की कुयमुलचाक यापुढे कुणाच्या ताटात. शेपटीजवळचं ते हाड घरातल्या सगळ्यात मानाच्या बाईचं. एजे होती तोवर प्रश्नच नव्हता. बुरमाकानला म्हटलं घे, तर तिने हात मागे घेतला. जेवणात ते हाड तसंच राहिलं.

तू आली नाहीस. कामावर होतीस म्हणे.

ताशबोलोत


बिश्केक, १७ सप्टेंबर

आदरणीय आबा,

सोळा गिगाबाइट कुणीही खाल्लेले नाहीत. ते आजही रिकामे आहेत. तुम्ही तीन वेगळी मापे एकात मिसळली आहेत. ती वेगळी करते.

वीस गिगाबाइट ही जागा आहे. कढई केवढी, एवढेच ते सांगते. एजेची सत्तावीस ध्वनिमुद्रणे, प्रत्येक सुमारे एकशे अठ्ठेचाळीस मेगाबाइट, मिळून चार गिगाबाइट. एक गिगाबाइट म्हणजे हजार मेगाबाइट. कढई पावसुद्धा भरलेली नाही.

गावातली वीसची लाइन हा वेग आहे, आणि तो मेगाबिटमध्ये सांगतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून वीसची लाइन सेकंदाला अडीच मेगाबाइट आणते, वीस नाही. त्या दिवशी त्या एका लाइनवर गावातले सगळे फोनही होते.

संपले ते तिसरे माप. ते तुमच्या कागदावर खालच्या ओळीत आहे: महिन्याला दोनशे गिगाबाइट बँडविड्थ. सर्व्हरवरून महिन्याभरात एकूण किती माल बाहेर जाऊ शकतो, याची ती मर्यादा आहे. हे समजायला तुम्हाला माझी गरज नाही. आपल्याकडे जेवण झाले की प्रत्येक पाहुणा केशिकची पिशवी बांधून घरी नेतो, जे आले नाहीत त्यांच्यासाठी. वेबसाइट उघडणारा प्रत्येक माणूस अशी पिशवी नेतो. फरक इतकाच की कढईतले मांस कमी होत नाही. ते जितके होते तितकेच राहते. पिशव्या मात्र मोजलेल्या असतात.

एकशे अठ्ठेचाळीस मेगाबाइटची एक पिशवी धरली, तर दोनशे गिगाबाइटमध्ये तेराशे एक्कावन्न पिशव्या होतात. एक ते सहा सप्टेंबर या काळात तेवढ्या गेल्या. त्याच्या आधी महिन्याला तीनशेच्या वर कधी गेल्या नव्हत्या.

पेन ड्राइव्हबद्दल. कारखाना हजार-हजारांनी मोजतो आणि तुमचा संगणक एक हजार चोवीस-चोवीसने. बाइट तेवढेच आहेत. एकच पोते दोन तराजूंवर ठेवले आहे. कसायाने काही काढलेले नाही.

आता पिशव्या इतक्या लवकर का संपल्या. वेबसाइटच्या व्यवस्थेत एक प्रश्न असतो: पाहुण्याच्या फोनमध्ये प्रत राहू द्यायची का. मी सुरुवातीला "हो" ठेवले होते. जूनमध्ये तुमच्या नावाने ते "नाही" केलेले दिसते. त्यामुळे एकाच माणसाने दहा वेळा ऐकले तर दहा वेळा आख्खी पिशवी इथून गेली. तंबूत प्रत्येक टोळीसाठी तुम्ही गाणे पहिल्यापासून लावलेत, तेव्हाही दर वेळी नवी पिशवी गेली. हा बदल का केला, हे जाणून घ्यायचे आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. शनिवारी सकाळी मी कामावर होते आणि तुमच्या वेबसाइटचा आलेख माझ्या पडद्यावर होता. वाटा संपत आलेला मला दिसत होता. मर्यादा वाढवण्याचा अधिकार माझ्याकडे होता. ग्राहकाने लेखी सांगितल्याशिवाय ती वाढवायची नाही, असा नियम आहे. म्हणून मी फोन करत होते. तुम्ही एक ओळ लिहिली असती तर पुरे होते. ती आली नाही, आणि मी मर्यादा वाढवली नाही. दुसऱ्या कुणासाठी वाढवली नसती, म्हणून तुमच्यासाठीही नाही.

सालकिनाय


कारूल-तोर, २१ सप्टेंबर

पोरी,

फोन तंबूत होता. एजेचा आवाज त्यातूनच भोंग्यात जात होता, म्हणून कॉल बंद करून ठेवले होते. शोकाच्या मध्ये घंटी वाजली असती तर एजे कबरीतून उठली असती.

केशिकचं समजलं. चांगलं समजावलंस, मापांचंही. तीन मापं मी शाळेच्या मास्तरालाही सांगितली, त्याला माहीत नव्हती. पण "प्रत राहू द्यायची का" याचं उत्तर ऐक. तिथे लिहिलं होतं, पाहुणा परत आला तर त्याला जुनी प्रत दाखवावी की नव्याने आणावी. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? दारात आलेल्या माणसाला काल उरलेली भाकरी देतात का? नव्याने. बावीस वर्षांची सूनसुद्धा हेच उत्तर देईल. तुमच्या धंद्यात पाहुण्याला शिळं वाढणं हुशारी समजतात, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण तुझा शेवटचा परिच्छेद मी तीन वेळा वाचला. तू बघत होतीस. तुझ्या हातात दार होतं. तुझ्या बापाची बहीण गात होती आणि तू घड्याळाकडे बघत बसलीस. परकी मुलगी असती तर मी म्हटलं असतं, तिला काय माहीत. तू तिच्या मांडीवर वाढलीस. नियम म्हणे. नियम माणसांसाठी असतो की माणसं नियमासाठी?

तीस तारखेचं माझं ठरलं आहे. बदलणार नाही.

ताशबोलोत

सालकिन बाळा, हे मी बुरमाकान लिहिते. तुझे आबा घोड्याला पाणी दाखवायला गेलेत, पाकीट मीच चिकटवणार आहे, म्हणून मधे सरकवते. त्यांनी हे वाचलेलं नाही.

दोन गोष्टी.

पहिली. तुझे आबा अठरा वर्षं गावचे पाटकरी होते, पाण्याच्या पाळ्या त्यांच्याकडे. ज्या वर्षी ओढा आटला त्या वर्षी तुझ्या वडिलांचं जव करपत होतं. तुझे वडील फावडं घेऊन आले, "दादा, एक तास आधी सोड, कुणी बघत नाही." आबांनी पाटाची फळी उचलली नाही. त्या हिवाळ्यात दोघे भाऊ बोलले नाहीत. आणि ही गोष्ट तुझे आबा आजही प्रत्येक जेवणात सांगतात, छाती काढून: "सख्ख्या भावालासुद्धा पाळीआधी थेंब दिला नाही." मी शंभर वेळा ऐकली असेल. तेव्हा नियमाचं त्यांनी तुला विचारावं, यावर मला फार हसू आलं. पण ते जवळच बसले होते, म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं.

दुसरी. शनिवारी आवाज थांबला तेव्हा तुझे आबा शाळेच्या छपरावर होते. आत काय झालं ते त्यांना माहीत नाही. आवाज "माझ्या भावांनो" इथे तुटला. बाहेर काराकोलचे घोडे. आम्ही अकरा बायका भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. कुणी काही ठरवलं नाही. मी पुढची ओळ म्हटली. माझा आवाज गाढवाचा आहे, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे, एजे स्वतः म्हणायची. पण वर्षभर स्वयंपाक करताना फोनवर तेच लावलेलं असायचं, एकही शब्द चुकला नाही. मग तोकतोबुबूने उचललं, मग सगळ्यांनी. तुझे आबा खाली उतरेपर्यंत शेवटची टोळीही येऊन गेली; जितक्या टोळ्या आल्या तितक्यांदा आम्ही पहिल्यापासून गायलो. काराकोलच्या म्हाताऱ्याला दया वगैरे काही आली नव्हती. त्याने खरंच ऐकलं.

मी त्यांना का नाही सांगितलं? त्यांनी विचारलं नाही. आणि अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला "मी गायले" असं सांगायची मला लाज वाटली. तू सांग. तुझं एक-दोन-तीन करून लिही, ते तसलं मानतात.


बिश्केक, २४ सप्टेंबर

आदरणीय आबा,

हे पत्र बुरमाकान आपांच्या समोर वाचावे.

१. शनिवारी तुमच्या तंबूसमोरून एकही पाहुणा न ऐकता गेला नाही. आवाज तुटला त्याच ओळीपासून आपा आणि आणखी दहा बायकांनी शोक पुढे गायला, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक टोळीसाठी, शेवटच्या टोळीपर्यंत, नव्याने गायला. हे आपांनी मला कळवले. तुम्ही छपरावर होतात.

२. एजेने साठ वर्षे ज्यांना शिकवले त्या मॉस्को आणि सोलला गेल्या. या अकराजणींना तिने कधी शिकवले नव्हते. त्या वेबसाइटवरून शिकल्या.

३. वेबसाइट कुणी आले नाही म्हणून बंद पडलेली नाही. मोजलेल्या पिशव्यांपेक्षा जास्त माणसे आली म्हणून बंद पडली. सहा दिवसांत एकतीस शहरांतून ती उघडली गेली. मॉस्को, सोल, इस्तंबूल हे तुम्हाला अपेक्षित होतेच. त्याशिवाय याकुत्स्क, दुबई, आणि शिकागोत एक पत्ता, जो कुणाचा ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल. मॉस्कोतल्या एका पत्त्यावरून तेवीस वेळा ऐकले गेले. तो माझ्या वडिलांचा आहे. बिश्केकमधल्या एका पत्त्यावरून एकोणीस वेळा. त्याबद्दल विचारू नये.

४. आमच्या कंपनीत या पॅकेजवर चारशेहून अधिक ग्राहक आहेत. हॉटेले आहेत, गालिचे विकणारे आहेत, एक बँक आहे. महिन्याचा वाटा सहा दिवसांत संपवणारी वेबसाइट त्यांच्यात एकच आहे. सोमवारी आमच्या प्रमुखांनी विचारले, ही कोणती मोठी संस्था आहे. मी सांगितले, संस्था नाही, माझी आत्या आहे.

५. माझी शनिवारची पाळी नव्हती. ती मी मागून घेतली होती. गावात शोक चालू असताना सर्व्हरपाशी आपल्यातले कुणीतरी असावे, असे मला वाटले. वाटले तसे करून काही उपयोग झाला नाही, ते खरे आहे. पण मी घड्याळाकडे बघत नव्हते.

शिळ्या भाकरीबद्दल. फोनमध्ये राहिलेली प्रत शिळी होत नाही. ती पाहुण्याने स्वतः बांधून नेलेली केशिक आहे. घरी नेलेली पिशवी दुसऱ्या दिवशी उघडून खाल्ली तर त्याचा अपमान होत नाही. तुम्ही स्वतः त्या पिशव्या बांधता आणि कुणी नाकारली तर रागावता. परत आलेल्या पाहुण्याला दार उघडेच मिळेल. फक्त त्याच्या हातात जे आहे तेच त्याला पुन्हा भरून द्यायची गरज उरणार नाही.

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक गाण्याची एक हलकी प्रत करावी, तेरा मेगाबाइटची. पान उघडले की ती वाजेल. मूळ प्रत जशी आहे तशी कढईत राहील, ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. तेवढ्याच दोनशे गिगाबाइटमध्ये मग पंधरा हजार माणसे ऐकू शकतील. हलक्या प्रतीत काय कमी होते ते मी दोन्ही लावून तपासले. एजेचा आवाज तोच राहतो. तिसऱ्या मिनिटाला बाहेर कुत्रा भुंकतो, तो थोडा लांब गेल्यासारखा वाटतो. हे तुमच्यापासून लपवत नाही.

पाणी आणि जव यांची गोष्ट मला माहीत आहे. माझ्या वडिलांकडूनही ऐकली आहे. त्यांनी ती तक्रार म्हणून सांगितली नव्हती.

सालकिनाय


कारूल-तोर, २७ सप्टेंबर

पोरी,

पत्र बुरमाकानसमोर वाचलं. वाचून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं, तिने चहाच्या किटलीकडे. मी म्हटलं, "खरं का हे?" म्हणाली, "गाढवाचा आवाज आहे, तुम्हाला काय करायचंय?" अठ्ठेचाळीस वर्षं एका छपराखाली राहतोय.

मी त्याच दिवशी मेंढी कापली. अकराजणींना बोलावलं आणि सांगितलं, आता माझ्यासमोर गा, मी पाहुणा आहे असं समजा. बाहेर गेलो, घोड्यावर बसलो, रीतीने हंबरडा फोडत दारापर्यंत आलो. पोरं हसत होती, मी हसलो नाही. त्या गायल्या. "माझ्या भावांनो" याच्या पुढे काय आहे ते मी यंत्रावर कितीदा ऐकलं असेल. पण त्या दिवशी घोड्यावरून उतरता येईना, मायरामबेकने हात दिला.

तोकतोबुबूचा आवाज उजवा आहे. एजेला कळलं असतं तर म्हणाली असती, "ही इतकी वर्षं कुठे लपली होती?" मी ते सगळं यंत्रावर घेतलं. पेन ड्राइव्हवर टाकलंय, तुझा तो चौसष्ट की साडेएकोणसाठ, जो काय असेल तो. अठ्ठाविसावं गाणं. नऊ मिनिटं एजे, पुढे अकराजणी. कढईत जागा आहे ना? तूच म्हणालीस सोळा रिकामे आहेत.

शिकागोतला पत्ता माझ्या वर्गातल्या साद्यरचा. तो इथून गेला तेव्हा म्हणाला होता, या गावाचं नाव पुन्हा घेणार नाही. आता घेतो म्हणायचं.

वेबसाइटची मुदत वाढव. हा कागद लेखी समज, खाली सही केली आहे, उद्या पुन्हा म्हणू नकोस की एक ओळ आली नाही. हलक्या प्रती कर. कुत्रा लांब गेला तर जाऊ दे, तो शेजाऱ्यांचा होता. मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

त्या शनिवारचं मी ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच परत बोललो. म्हणालो, पुतणीने दार लावलं नव्हतं, पाळी संपली होती. पाळी संपली की फळी खाली. कासिम म्हणाला, "ही तुझीच गोष्ट ना रे, जवाची? आता आम्हाला दोन ऐकाव्या लागणार." म्हटलं, हो, दोन. पाटकऱ्याच्या घरात पाटकरीच निघते.

मायरामबेककडे पिशवी दिली आहे. केशिक आहे. मेंढीतला तुझा वाटा.

ताशबोलोत


बिश्केक, २८ सप्टेंबर

आदरणीय आबा, आदरणीय आपा, सलाम.

पत्र, पेन ड्राइव्ह आणि पिशवी आज सकाळी मिळाली.

लेखी विनंती नोंदवली आहे. मुदत वाढवण्याचा अर्ज तयार आहे. हलक्या प्रती झाल्या. मूळ सत्तावीस ध्वनिमुद्रणांना हात लावलेला नाही. पाहुण्याच्या फोनमध्ये प्रत राहू देण्याची खूण पुन्हा केली आहे. अठ्ठाविसावे चढवले, ते अजून कुणाला दिसत नाही. मी ते ऐकले. आपा, तुमच्या आवाजाबद्दल एजेचे मत चुकीचे होते. तिचे एवढे एकच मत चुकीचे निघालेले मला माहीत आहे.

अर्ज पाठवण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात. त्या मी अंदाजाने करणार नाही.

पहिली. पान उघडल्यावर आधी काय वाजावे: एजेचे एकटीचे चौदा मिनिटांचे गाणे की अठ्ठाविसावे? माझे मत विचारलेत तर अठ्ठाविसावे. पण निर्णय तुम्हा दोघांचा.

दुसरी. पिशवीत तळलेले बोरसोक, चरबीचा तुकडा आणि कुयमुलचाक आहे. माझ्या वयाच्या, लग्न न झालेल्या मुलीला पाठीच्या कण्याचा मणका जातो. लहानपणापासून मला तोच मिळाला आहे. कुयमुलचाक एजेचे होते आणि यापुढे आपांचे असायला हवे. ताटातून पिशवीत भरताना अदलाबदल झाली असेल तर मायरामबेक परवा परत निघतो, त्याच्याबरोबर पाठवीन, त्यात कमीपणा नाही. अदलाबदल झाली नसेल, कुणीतरी ठरवून ते माझ्यासाठी बांधले असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे, आणि कुणी ठरवले तेही लिहावे. तोवर ते फ्रीजमध्ये आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

फोन चालेल. मंगळवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी सहाच्या आत उत्तर द्यावे.

सालकिनाय